पत्र्याखालचे दोन कासरे

आई,

आज मी दिवसभर घरीच आहे. वैशाखात मी घरी बसलेला दिसणं ही आमच्याकडे बातमीच असते, कारण पाडव्यापासून मृग लागेपर्यंत माझा फोन दम घेत नाही. शिक्रापूर, न्हावरे, पार दौंड-पाटसपर्यंत ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे तो प्रत्येक जण या दोन महिन्यांत मला शोधतो. कुणाचा गोठा, कुणाचं गोदाम, कुणाची कंपनीतल्या कामगारांना भाड्यानं दिलेली चाळ. वादळाच्या आत तेवढे पत्रे पक्के करून द्या म्हणतात. उरलेले दहा महिने माझी आठवण कुणाला येत नाही, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तुला यातलं काहीच माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी कंपनीत मशीनवर उभा राहायचो. तुझ्यानंतर वर्षभरात ती नोकरी सोडली आणि पत्र्याच्या कामात शिरलो. सावलीतली नोकरी सोडून उन्हात का मरायला आलास, असं लोक तेव्हा विचारायचे. मी म्हणायचो, एका जागी उभं राहून कंटाळा येतो.

माझ्या कामाची सगळे चेष्टा करतात. दुसरा माणूस जिथं दोन स्क्रू मारतो तिथं मी चार मारतो, आणि ते चार बसले का हे स्वतः वर चढून बघतो. पन्नाशीच्या जवळ आलोय, गुडघे कुरकुरतात, तरी शिडीवर चढल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझा वेल्डर बिहारचा आहे, माझ्याच वयाचा, बारा वर्षं माझ्याबरोबर आहे. तो म्हणतो, "सेठ, इतना कसोगे तो आँधी में पत्रा नहीं, पूरा मकान उड़ेगा." सगळे हसतात, मीही हसतो. पण एका गोष्टीवर माझ्यापुढं कुणी हसत नाही. कुठल्याही पत्र्याच्या घरात शिरलो की मी आधी वर बघतो, पत्रा पेलणाऱ्या मधल्या लोखंडी अँगलकडं. त्याला एखादा दोर लोंबत असला तर तो सोडल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. पाटसजवळ एका बाईशी माझं यावरून चांगलंच वाजलं होतं. ती म्हणाली, "लेकराची झोळी हाय ती, तुमचं काय घोडं मारलंय तिनं?" मी म्हणालो, झोळी भिंतीच्या खुंटीला बांधा, नाहीतर मी निघालो. तिनं बांधली, पण जाताना चहा विचारला नाही. माझ्या माणसांना वाटतं मी कसला तरी नवस बोललोय.

आपलं घर आठवून बघतो तेव्हा मला आधी त्याचा पत्राच आठवतो. न्हावऱ्याच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, उघड्या माळावरची वस्ती. पश्चिमेला नजर पोचेल तिथवर एक झाड नाही, त्यामुळं वारा आला की तो थेट आपल्याच घरी यायचा. दगडमातीच्या भिंती, दोन खोल्या, बाजूला गोठा, आणि वर वडिलांनी कुठल्यातरी मोडलेल्या शेडचे आणून टाकलेले जुने पत्रे. मी सातवीत असताना वडील गेले आणि दोन म्हशी, मी आणि तो पत्रा असे सगळेच तुझ्या अंगावर पडलो. आम्हा बाकीच्यांची तुला कधी धास्ती वाटली नाही. पत्र्याची वाटायची.

पाडवा झाला की पहिल्या मोकळ्या सकाळी तू वर चढायचीस. दिवस वर यायच्या आत, कारण आठ वाजता पत्रा तव्यासारखा तापतो. लुगड्याचा काष्टा आवळून, हातात पाना आणि कमरेला वायसरची पिशवी. तू हवं तिथं पाय टाकायची नाहीस, हुकांच्या रांगेवरूनच चालायचीस, कारण खाली अँगल असतो तिथंच पत्रा माणसाचं वजन सोसतो. मी आत अंथरुणात पडून तुझी पावलं ऐकायचो. धप, धप, मग थांबणं, मग पान्यानं हूक ठोकून बघण्याचा आवाज. घट्ट हूक टणटणतो, ढिला हूक बद्द वाजतो, हे मला अंथरुणातूनच कळायचं. मग वरून हाक यायची, "ऊठ की रं, डांबर तापाय ठेव." फुटक्या डब्यात डांबर वितळवून मी शिडीवरून वर द्यायचो आणि तू प्रत्येक भोकावर काळा ठिपका देत जायचीस. खाली उतरलीस की तुझ्या हातावर, कपाळावर, कधी नाकाच्या शेंड्यावर डांबर असायचं आणि ते चार दिवस निघायचं नाही. बाजाराला तशीच जायचीस.

शेजारपाजारच्या सगळ्या पत्र्यांवर दगड होते. दगड, जुने टायर, फुटक्या जात्याच्या तळ्या. तुला ते पटायचं नाही. "धोंडा काय पत्र्याला धरून बसत न्हाई," तू म्हणायचीस, "पत्रा गेला की त्यो धोंडा खाली आपल्याच डोस्क्यात." तू वाळूची पोती भरून कडेला तारेनं बांधायचीस. आणि पश्चिमेच्या भिंतीवर, पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये जी फट राहते ती सगळी गोणपाट कोंबून वरून चिखलानं लिंपायचीस. "वारं वरनं येत न्हाई. खालनं घुसतं आन् पत्रा उचलतं." हल्ली मोठ्या शेडच्या कामावर इंजिनिअर येतात, कागद पसरून हेच इंग्रजीत समजावतात. मी मान डोलावतो. मला हे नाकाला डांबर लागलेल्या बाईनं शिकवलंय असं सांगावंसं वाटतं, पण सांगत नाही.

एकच गोष्ट तुला वरून करता येण्यासारखी नव्हती. मधला अँगल दोन्ही भिंतींवर नुसता ठेवलेला होता, दगडमातीत चेपलेला. त्याला खाली धरून ठेवणारं काही नव्हतं. त्यासाठी तू ते दोन कासरे बांधले होतेस. वडील गेल्यावर बैल विकले, बैलांचे कासरे राहिले. सुती, जाड, हाताला मऊ. एक चुलीच्या बाजूला, एक दाराच्या बाजूला, छातीपर्यंत लोंबणारे, खालच्या फासात आडवं दांडकं. वारं सुटलं की चुलीकडचा तू धरायचीस नि दारातला मी, आणि दोघांनी अंगाचा सगळा भार टाकून पत्र्याला खाली ओढून धरायचं. यात कुणाला काही जगावेगळं वाटायचं नाही. आपल्या भागात पत्र्याच्या घरात राहणारा प्रत्येक जण हेच करायचा. कुणी कासरा धरायचं, कुणी पोत्यावर चढून थेट पाइपाला लोंबकळायचं. वादळ आलं की जनावरं सोडून बाहेर बांधायची आणि माणसांनी आत जाऊन घर धरायचं, असा रिवाजच होता.

दरवर्षी वरचं काम झालं की तू कासऱ्यांची परीक्षा घ्यायचीस. दांडकं दोन्ही हातांनी धरून पाय वर घ्यायचीस आणि घरातल्या घरात झोका. पत्रा करकरायचा, वरून माती गळायची, तू हसत सुटायचीस. "कुनी बघितलं तर म्हंतील, बाईला याड लागलं." आणखी एक झोका घ्यायचीस. मग मला लोंबकळायला लावायचीस. तुला चाळीस-बेचाळीस वर्षं असतील. माझ्या बायकोचं वय आज त्याहून जास्त आहे. तुला मी म्हातारी समजायचो याची आता लाज वाटते.

आणि एकदा मी माझी धुतलेली पँट त्या कासऱ्यावर वाळत टाकली होती. नवी जीन्स, जड, पाण्यानं थबथबलेली. तू धारा काढून आत आलीस, बघितलंस, आणि ती पँट ओढून थेट अंगणातल्या धुळीत भिरकावलीस. "दुसरी दोरी काय मेली व्हय? वल्ला दोर कुजतो. कुजला म्हंजी ऐन टायमाला हातात येईल, मग कुनाच्या नावानं बोंबलशील?" मला कॉलेजला जायचं होतं, मी चिडून तुला वाट्टेल ते बोललो. तू तो कासरा सोडून दोन दिवस उन्हात टाकलास. संध्याकाळी पायरीवर बसून त्याची वीतवीत बोटांतून सरकवून बघत होतीस, कुठं पीळ उसवलाय का, कुठं मऊ पडलाय का. तशी बाई होतीस तू. हे मुद्दाम लिहितोय, कारण लोक तुझ्याबद्दल वेगळंच बोलतात.

त्या वर्षी मी एकवीस वर्षांचा होतो. शिक्रापुरात तिघांबरोबर स्लॅबच्या खोलीत राहायचो, सुट्टीला घरी यायचो. स्लॅबखाली झोपायची सवय झाली होती आणि घरी आलो की पत्र्याचा आवाज नकोसा व्हायचा. दुपारी चारची वेळ. पश्चिम आधी पिवळी झाली, मग तांबडी, मग एकदम अंधारली. तू म्हशी सोडून लांब खुंट्याला बांधल्यास, चूल विझवलीस, आत येऊन म्हणालीस, "धर." आपण आधी चार-पाच वर्षं असेच धरत आलो होतो. दरवेळी पत्रा थरथरायचा, दहा मिनिटांत सगळं शांत व्हायचं आणि आपणच घर वाचवलं अशा थाटात मी बाहेर येऊन मिशीवरून हात फिरवायचो. तू दोर धरल्याधरल्या गप्पाही मारायचीस. त्या दिवशीही म्हणालीस, "पुढच्या साली तुझं लगीन करायचं. तिसरा कासरा बांधावा लागंल."

मग बोलणं थांबलं. तू माझ्याकडं पाठ करून पश्चिमेच्या भिंतीवरच्या गोणपाटावर डोळे लावून उभी होतीस. ते एका जागी आत फुगलं, आणि बघता बघता लिंपणासकट आत येऊन पडलं. घरभर धूळ झाली. पत्रा असा वाजायला लागला की तो आवाज कानात नाही, छातीत यायचा. अँगल उचलला गेला. माझे पाय जमिनीपासून वीतभर सुटले आणि परत टेकले. भिंतीतली माती डोक्यावर आली. दुसऱ्यांदा उचलला गेला तेव्हा गुडघाभर वर गेलो. खाली पाय टेकले आणि मी दांडकं सोडून दिलं. कासरा तुटला नाही, निसटला नाही. मी सोडला आणि दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहिलो. मग पत्रा गेला. सगळं छप्पर पूर्वेकडं वही मिटावी तसं मिटलं, अँगल त्याच्याबरोबर गेला, आणि अँगलबरोबर तू. गव्हाणीच्या पलीकडं कांद्याच्या वावरात पडलीस. मला खरचटलंसुद्धा नव्हतं.

शेजाऱ्याच्या जीपमधून तुला दौंडला नेलं. कंबर मोडली होती आणि पोटात आत कुठंतरी लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आला. तुझा थोरला भाऊ, त्याचा आवाज मुळातच मोठा, दवाखान्यातही तो कमी झाला नाही. तुझ्याकडं बघून त्यानं थेट मला विचारलं, "तू कुठं हुतास रं तवा?" मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो हे मला आजही माहीत नाही. त्याच्या आधी तूच बोललीस, डोळे मिटलेलेच होते. "त्याचा कासरा तुटला. जुना झाला हुता. बदलायचा ऱ्हायला माज्याकडनं."

मामा तिथंच तुझ्यावर तडकला. "पत्र्याचं एवढं करतीस आन् एक दोर बघता येईना तुला? पोराचा जीव गेला असता म्हंजी?" तू म्हणालीस, "चुकलं." मी खाटेच्या पायथ्याशी पाण्याचा तांब्या धरून उभा होतो. मी तांब्या खाली ठेवला, इतकंच केलं. मग जो येईल त्याला तू तेच सांगत राहिलीस, आणि दरवेळी त्यात काहीतरी भर पडायची. "कासरा उंदरांनी कुरतडला हुता." "मला दिसलं हुतं पर म्हनलं बघू उद्या." "पोरानं शेवटपर्यंत धरलं हुतं." म्हाताऱ्या बाया माझ्या गालावरून हात फिरवून जायच्या.

तिसऱ्या दिवशी म्हशींचं बघायला मला घरी पाठवलं. कांद्याच्या वावरात तो अँगल वाकून पडला होता आणि त्याला दोन्ही कासरे तसेच होते. माझ्या कासऱ्याच्या फासात दांडकंसुद्धा जागेवर होतं. लोक पत्रे गोळा करायला येणार होते. कुणीही बघितलं असतं तर कळलं असतं. मी तिथं बसून तू मारलेली गाठ सोडवली. फार वेळ लागला, तुझ्या गाठी सोप्या नसायच्या. मग छप्पर नसलेल्या स्वयंपाकघरात, वर लख्ख ऊन असताना, मी तो कासरा तुझ्या चुलीत जाळला. सुताचा दोर भडकत नाही, धुमसत राहतो. दूध घेऊन मी संध्याकाळी दवाखान्यात आलो तेव्हा तू म्हणालीस, "कसला वास येतुय रं तुज्या अंगाला?" मी म्हणालो, चूल पेटवली होती. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "बरं केलंस." त्यानंतर म्हशीनं दूध किती दिलं ते विचारलंस.

मी रोज वाट बघत होतो की आपण दोघंच असताना तू विचारशील. एकदाच विचारलंस, "तुला लागलं न्हाई ना कुठं?" मी न्हाई म्हणालो. तू डोळे मिटून घेतलेस. सहाव्या दिवशी सकाळी तू गेलीस.

तेव्हापासून आपल्या वस्तीवर तुझं नाव कशाला निघतं सांगू? पाडव्यानंतर बायका एकमेकींना सांगतात, दोर बघून घ्या गं, न्हायतर तिच्यासारखं हुईल. तिच्यासारखं म्हणजे तुझ्यासारखं. ज्या बाईनं एका ओल्या पँटीवरून घर डोक्यावर घेतलं, ती वस्तीवरची सगळ्यात हयगयीची बाई ठरली. पंचवीस वर्षांत मी एकदाही म्हणालो नाही की गप्प बसा, तसं नव्हतं ते.

आता या धंद्यात मुरल्यावर मला हिशेब कळतो. वारा खालून शिरून पत्रा उचलतो तेव्हा त्याला दोन माणसांचं वजन म्हणजे काहीच नसतं. मी धरून राहिलो असतो तर छप्पर गेलंच असतं, फक्त आपण दोघं कांद्याच्या वावरात पडलो असतो. लोंबकळायचंच नव्हतं मुळी. ही समजूत मी स्वतःला इतक्या वेळा घातलीय की ती आता घासून गुळगुळीत झालीय. ती खरीही आहे. तरी चैत्रात पहाटे जाग येते आणि डोक्यावर तुझी पावलं वाजतात. धप, धप, मग थांबणं. माझं घर स्लॅबचं आहे आई, स्लॅबवर पावलं वाजत नाहीत. मी उठून गच्चीवर जाऊन येतो. कुणी नसतं. बायको पहिली काही वर्षं विचारायची, आता कूस बदलून झोपते. वारं सुटलं की माझा उजवा हात आपोआप मिटतो, गाडी चालवताना सुद्धा, आणि तळव्यात ते दांडकं जाणवतं. दुसऱ्यांच्या घरात त्या अँगलकडं बघतो तेव्हा मला रिकामा दोर दिसत नाही. तू पाठमोरी दिसतेस. तुला हे सांगायला नको, पण मला तुझी भीती वाटते. आईची भीती वाटावी याचं वाईट वाटतं आणि तरी वाटते.

मामा आता थकला, महिनाभर आमच्याकडं राहायला आलाय. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, ती त्याला आबा म्हणते आणि त्याच्याकडून जुन्या गोष्टी वदवून घेते. मागच्या आठवड्यात त्यानं तिला तुझी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे आजीनं साधा दोर बदलला नाही? पप्पा इतके काटेकोर आणि त्यांची आई अशी?" मामा हसला. "म्हनून तर तुजा बाप स्क्रूवर स्क्रू ठोकतुया." मी पाणी प्यायला आत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. बाहेर ती दोघं हसत होती. नातीनं तुला बघितलेलं नाही, तिच्याजवळ तुझं एवढंच आहे.

काल दुपारी गच्चीवर वर्षाचे गहू वाळत घातले होते. आभाळ भरून आलं तशी मी आणि ती ताडपत्री टाकायला वर गेलो. एक कड तिनं धरली, एक मी. वारा एकदम ताडपत्रीखाली शिरला, ती शिडासारखी फुगली, आणि पोरीच्या टाचा उचलल्या गेल्या. तिनं क्षणाचा विचार केला नाही. मोठ्यानं ओरडली, "पप्पा, मी सोडतेय! तुम्ही पण सोडा!" आणि सोडलं. तिनं सांगितलं म्हणून मीही सोडलं. ताडपत्री उडाली, शेजारच्या विजेच्या खांबाला जाऊन अडकली, गहू भिजले. ती पावसात उभी राहून खो खो हसत होती. मी टाकीच्या आडोशाला खाली बसलो.

तिथंच तिला सांगितलं. आजीनं बांधलेला माझा कासरा तुटला नव्हता, मी सोडला होता, आणि नंतर जाळला. ती हसायची थांबली. माझ्याशेजारी ओल्यातच बसली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही एकवीस वर्षांचे होता. मी पण आत्ता सोडलीच की." रात्री जेवताना मामालाही सांगितलं. मला वाटलं होतं तो आवाज चढवेल. त्यानं हातातली भाकरी ताटात ठेवली. "म्हंजी तिची काय बी चूक नव्हती," तो म्हणाला. "आन् मरायला टेकलेल्या भनीला मी बोललो. चारचौघांत बोललो." त्याला रडताना मी कधी बघितलं नव्हतं. पोरगी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. आज सकाळी त्यानं वस्तीवर दोघातिघांना फोन केले. कानाला ऐकू कमी येतं म्हणून ओरडून ओरडून सांगत होता, माझ्या भनीचा दोर चांगला हुता, पोरगं घाबरलं. आज वस्तीवर सगळ्यांना कळलं असेल. बरं वाटलं. माझं काय व्हायचं ते होऊ दे, तुझं नाव तरी सुटलं.

मला माफ केलंय दोघांनी. मी सांगितलं तेवढ्यापुरतं. म्हणून आज कामावर गेलो नाही आणि हे लिहीत बसलो. हे पाठवायचं कुठं हा प्रश्न नाही. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणूनच बहुधा लिहायचा धीर झाला. लिहून झालं की फाडून टाकीन. पोरीच्या हाती लागू द्यायचं नाही, कारण काल तिनं गच्चीवर जे केलं तेच मी केलं, असं तिला वाटतंय.

पत्रा लगेच गेला नाही, आई. मी सोडलं आणि दारात गेलो, त्यानंतर बराच वेळ होता. अँगल दोनदा उचलला गेला, दोनदा खाली आला. तू एकटी त्याला लोंबत होतीस, माझ्यापासून चार हातांवर, पाठमोरी, मी मागं धरून आहे अशा भरवशावर. "आई, सोड" एवढंच म्हणायचं होतं, तू ऐकलं असतंस. धुळीनं तोंड भरलं होतं, आवाज फार होता, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं काही नव्हतं. हाक मारली असती तर तू वळून बघितलं असतंस आणि मी सोडून उभा आहे हे तुला दिसलं असतं. ते तुला दिसू नये म्हणून मी गप्प राहिलो.